हिरड्यांची कैफियत

पेरू हे आमच्या विशेष आवडीचे फळ. गेल्या मार्गशीर्षात पिरनवाडीला आत्तीच्या घरी गेलो असता, खानापूरच्या हमरस्त्यावरून जांबोटीची वाट जेथे फुटते त्या नाक्यावर एका बाईने पाटीत मांडलेले पेरू पाहिले आणि आमचा पाय अडखळला. चार पेरू घेतले. घरी पोहोचण्याचाही धीर नव्हता. एकाचा लचका तेथेच तोडला. पाहतो तो पांढऱ्याशुभ्र गरावर तांबडा ठसा! पेरू आतून तांबडा निघाला, अशी आम्ही मनाची समजूत घातली. दुसरा चावलो. तोही तांबडाच निघाला. तिसऱ्या पेरूपाशी मात्र ही समजूत टिकेना, कारण ठसा जेथे आमचे खालचे दात रुतले होते नेमका तेथेच उमटत होता.

खरे सांगावयाचे तर ही गोष्ट आम्हांस नवीन नव्हती. चारसहा महिने सकाळी चूळ भरताना मोरीतले पाणी गुलाबी दिसत होते. हिरड्या सुजल्या होत्या, फिकट गुलाबी रंग जाऊन त्यांवर जांभळट तांबूसपणा चढला होता, आणि निकटची माणसे आमच्याशी बोलताना किंचित मागे सरकू लागली होती. परंतु दुखत काहीच नव्हते. दाताचे दुखणे कसे वाजतगाजत येते! गालाला फडके बांधून माणूस रात्रभर येरझारा घालतो, शेजारी जागे होतात, सकाळी सारी आळी विचारपूस करते. हिरडी बिचारी निमूट असते. ती रक्ताच्या दोन थेंबांनी आपली तक्रार नोंदवते आणि पुन्हा गप्प बसते. अशा गरीब तक्रारदाराची दाद कोण घेतो?

दाद घेतली नाही, तरी उपचार मात्र आम्ही पुष्कळ केले. मिठाच्या गुळण्या केल्या, तुरटी फिरवली, बाभळीच्या सालीचा काढा तोंडात धरला. लवंगेचे तेल थेट हिरडीवर चोळले, तेव्हा कातडी पोळून दोन दिवस आमटीसुद्धा घेववली नाही. पुढे सुश्रुतसंहितेचे भाषांतर काढून बसलो. दातांच्या मुळांशी होणारे १५ रोग सुश्रुताने सांगितले आहेत. त्यांतला 'शीताद' वाचताना आपलीच पत्रिका कोणी वाचीत असल्यासारखे वाटले: अकस्मात रक्त येणे, दुर्गंधी, हिरड्या मऊ आणि ओलसर होऊन झडत जाणे. पुढे 'उपकुश' हा रोग आला, ज्यात दात हलू लागतात. तेथे आम्ही पुस्तक मिटले.

मग आम्हांला आठवण झाली ती खलाश्यांची. वास्को द गामा १४९८ च्या ऑक्टोबरात आमच्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परतीला निघाला. येताना जो समुद्र त्याने महिन्याच्या आत ओलांडला होता, तोच परतताना प्रतिकूल वाऱ्यांमुळे ओलांडावयास सुमारे तीन महिने लागले. ताजे अन्न नाही. माणसांच्या हिरड्या सुजून दातांवर अशा चढल्या की खाता येईना. सुमारे ३० जण दगावले. 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाचा तो रोग. आपलेही तेच असणार असे ठरवून आम्ही आवळे खाल्ले. वाटीभर रोज, महिनाभर. मोरीतले पाणी गुलाबीच राहिले.

तर असे तीन पेरू बाधित करून आम्ही आत्तीच्या दारी पोहोचलो. ती परसदारी पायरीवर बसली होती आणि उजव्या हाताची तर्जनी तिच्या तोंडात होती. घाटावर जिला मिसरी आणि कोकणात मशेरी म्हणतात ती लावणे चालले होते. आमच्या हातातील पेरू पाहून तिने चूळ टाकली.

"काय बघूलालास रे? रक्त आलंय न्हवं? मिसरी लाव, दात घट्ट होतात."

आत्तीचे वय ७८. लग्न होऊन या गावी आल्यापासून सकाळ-संध्याकाळ, आणि अलीकडे दुपारीही, तिची मिसरी चुकलेली नाही. लहानपणी सुटीत येथे आलो की पहाटे त्या वासानेच जाग येई. निपाणीकडचा तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, खलून पूड करायची, डबीत भरायची. शेजारणी आपापल्या डब्या घेऊन येत आणि पायरीवर ओळीने बसून बोटे फिरवीत; नवऱ्याच्या, सासूच्या, पावसाच्या साऱ्या गोष्टी त्या अर्ध्या तासात होत. त्या काळच्या सुनांना दिवसभरात बसावयास मिळे ते एवढेच, हे आम्हांस फार उशिरा उमगले. आम्हीही एकदा चोरून बोटभर लावली होती आणि घेरी येऊन तुळशीपाशी आडवे झालो होतो.

या मिसरीने दात घट्ट राहतात असे म्हणणाऱ्या आत्तीच्या तोंडात आज मोजून चार दात आहेत. बाकीचे पन्नाशी-साठीच्या दरम्यान एकामागून एक हलले आणि हाताने निघाले. नवल हे की त्यांतला एकही किडलेला नव्हता. पिकलेले पान गळावे तसे ते धडधाकट दात गळाले, आणि वयाचे देणे म्हणून कोणी त्यांचा शोक केला नाही.

मिसरीची कीर्ती कशी पसरली याचे कारण पुढे कळले. तंबाखूतील निकोटिनाने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तोंडाला किंचित बधिरपणा येतो. रक्त कमी दिसते, ठणका कमी होतो. माणूस म्हणतो, गुण आला. आत मुळांना धरणारे हाड मात्र झिजतच असते. रक्ताच्या थेंबाने का होईना, जी हिरडी बोलत होती, तिचे तोंड बंद केले एवढाच तो गुण.

आत्तीच्या चार दातांपैकी एक बोचत होता. त्या निमित्ताने तिला बेळगावातील एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेण्याचे ठरले. स्वतःसाठी जाण्याचे धैर्य आमच्या अंगी नव्हते, हे कबूल करतो. तपासणारी तरुण डॉक्टरीण धारवाडकडची. ती आत्तीशी कानडीत बोलली, आमच्याशी मराठीत, आणि हिरडीला 'वसडु' म्हणाली की 'हिरडी' हे तिच्या ध्यानातही नसे. आत्तीचे तोंड पाहता पाहता तिने आमच्याकडे वळून, "आता तुम्ही बसा," असे फर्मावले.

तिने आरसा हाती देऊन आमचे आम्हांस दाखवले. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात पिवळट दगडासारखा थर बसला होता. दातांवर रोज जंतूंचा चिकट लेप चढतो. तो ब्रशाने निघतो. राहिला तर लाळेतील क्षार मुरून त्याचे किटण होते. ते ब्रशाला, मिठाला वा तुरटीला दाद देत नाही, खरवडूनच काढावे लागते. गुळणीने सूज घटकाभर उतरते, पण काटा आतच राहतो. आम्ही आवळ्यांची हकीकत सांगताच ती हसली. पेरूत संत्र्याहून अधिक 'क' जीवनसत्त्व असते. पेरू चावताना रक्त येते अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला खलाश्यांचा रोग होत नसतो, असे ती म्हणाली. मग तिने मधुमेहाची चौकशी केली, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. रक्तदाबाची कोणती गोळी घेता हेही विचारले, कारण काही गोळ्यांनी हिरड्या वाढतात. गरोदरपणीही त्या सुजतात म्हणे. तो प्रश्न तिने आम्हांला केला नाही.

किटण काढले की दात हलतात ही आमची भीती आम्ही बोलून दाखवली. फटीत बसलेला दगड निघाल्यावर आधी जे झिजले आहे ते उघडे दिसते, एवढेच खरे. आणखी एक चूक निघाली. रक्त येते म्हणून तेथे ब्रश लावणे आम्ही सोडले होते. नेमके तेथेच हळुवार, मऊ ब्रशाने, हिरडीच्या कडेला तिरका धरून फिरवावयाचा होता. १९६५ साली डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हॅराल्ड लो या संशोधकाने धडधाकट हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करावयास लावले होते. १० ते २१ दिवसांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासू लागताच आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. आमचे किटण दोन खेपांत निघाले. दहाव्या दिवशी चूळ स्वच्छ पडली. परंतु एका ठिकाणी हाड झिजले आहे. ते परत भरून येणार नाही, असेही तिने स्वच्छ सांगितले.

आत्तीचे प्रकरण एवढे सोपे नव्हते. तिच्या खालच्या हिरडीला लागून, मिसरीचे बोट जेथे विसावते तेथे, पांढरा चट्टा होता. पुसून न जाणारा, खरबरीत. त्याचा लहानसा तुकडा तपासणीस पाठवला. अहवालास आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आम्ही पिरनवाडीतच राहिलो आणि घरात कोणी तो शब्द उच्चारला नाही. आत्ती नित्याप्रमाणे फुले तोडी, पोस्टमनशी भांडे. पायरीवर बसे, पण डबी उघडत नसे, नुसती मुठीत धरून ठेवी.

अहवाल आला. कर्करोग नव्हता, पण चट्टा पुढे बिघडू शकतो, मिसरी त्याच दिवशी सुटली पाहिजे, दर तीन महिन्यांनी दाखवावयास आले पाहिजे. आत्तीने सारे ऐकून घेतले. "साठ वर्षं झाली की गं," एवढेच ती डॉक्टरणीला म्हणाली, मराठीत.

पहिले पंधरा दिवस तिला झोप नव्हती. चिडे, डोके धरी, दुपारी पायरीवर जाऊन बोट तोंडात घाली आणि रिकामेच बाहेर काढी. शेजारच्या दोघी अजूनही डब्या घेऊन येतात. त्यांना तिने येऊ नका म्हटले नाही. त्यांच्या शेजारी बडीशेप चघळीत बसते.

चैत्रात दुसरी तपासणी झाली. चट्टा होता तेवढाच आहे, किंचित फिकटला आहे. परतताना नाक्यावर तीच बाई बसली होती. आत्तीने रिक्षा थांबवून एक पेरू घेतला आणि आमच्या हाती दिला. "आधी तू चाव," ती म्हणाली, "मग मला पातळ फोडी करून दे."