निळा दिवा

माझ्या मोटरसायकलचा इंडिकेटर दिला की अप्परचा (हाय बीमचा) निळा दिवाही त्याच्या तालात मिणमिणायचा. अप्पर लावलेलाच नव्हता. घरात सगळ्यांचं एकमत झालं की मीटर गेलं, नवीन आणा. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या म्हाताऱ्या मिस्तरींनी मात्र एकदा इंडिकेटर लावून पाहिला आणि ते छत्तीसगडीत म्हणाले, “मीटर ह बने हे, तार ल देख.” मीटर चांगलं आहे, वायर बघ.

निळ्या दिव्याचं कोडं उलगडलं तेव्हा फार आनंद झाला. मीटरमधल्या बऱ्याच बल्बांची अर्थ वायर एकच असते. ती तुटली की इंडिकेटरच्या बल्बातून आलेल्या करंटला परत जायला वाट उरत नाही. मग तो निळ्या बल्बात उलट्या बाजूनं शिरतो आणि हेडलाइटच्या अप्पर फिलामेंटमधून चासीला पोचतो. दोन बारीक बल्ब एकापाठोपाठ, म्हणून दोघंही अर्धवट पेटतात. बिघाडाचा पत्ता दिव्यानंच सांगितला होता.

असा बिघाड शोधताना सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीला रेस दिली की १४ च्या जवळपास. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर-रेक्टिफायर पाहायचा. तसंच चालवत राहिलं तर बल्ब एकामागून एक उडतात. सेल्फ मारताच डिजिटल मीटरचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल घासून घट्ट करावेत.

अर्थ तपासायची रीत: मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक मीटरच्या अर्थ वायरला, चावी चालू, दिवे चालू. आकडा शून्याला चिकटून हवा. माझ्याकडे इंडिकेटरबरोबर सहापर्यंत उड्या मारत होता.

हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. डावीकडे वळवलं की आकडा शून्यावर, सरळ केलं की परत सहा. म्हणजे तुटलेली जागा हँडलच्या मानेपाशीच. होंडात अर्थ हिरवी असते (यामाहात काळी). टेप सोडवून ती हिरवी वायर चिमटीत धरून ओढत गेलो. वरचं प्लास्टिक जसंच्या तसं, कुठं चीर नाही. पण एका जागी ते रबरासारखं ताणलं. सोललं तर आत तांब्याचे दोन-तीन काळे केस आणि बोटांना लागलेली हिरवी पूड.

झाळून वर स्लीव्ह चढवली. मानेपाशी वायर थोडी सैल सोडली; ताठ बांधली तर तिथंच पुन्हा तुटणार.

रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. उन्हात उभ्या गाडीच्या कपलरचं प्लास्टिक कडक होतं, खटका तुटतो. उरला-सिलतऱ्याकडच्या कारखान्यांची काळी धूळ त्यात बसते, जूनमध्ये पाणी शिरतं, पिना हिरव्या पडतात. त्यात धुलाईवाला प्रेशरचं पाणी थेट मीटरवर मारतो, ते मला बघवत नाही. मीटरवर फडकं पुरे.

आता बाकीच्या तक्रारी. न्यूट्रलचा दिवा लागत नाही: गिअरबॉक्सवरच्या स्विचची वायर काढून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवायची. लागला तर बल्ब आणि वायर ठीक, स्विच खराब.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा. १० च्या जागी २० किंवा चांदीचा कागद घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. टाकीच्या खाली पेटलेली वायर मी पाहिली आहे; यात तडजोड नको.

काट्याचं जुनं मीटर असेल आणि वेगाचा काटा थरथरत असेल तर मल्टिमीटर खाली ठेवा. केबल सुकली असेल.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनचा पिवळा दिवा चालू गाडीवर तसाच राहिला, तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावा. तिथं वायर टेकवून ठिणगी बघायच्या जुन्या सवयीनं ईसीयू (इंजिनचं कंट्रोल युनिट) निकामी होऊ शकतं.

काल रात्री पावसात तेलीबांधापर्यंत जाऊन आलो. प्रत्येक वळणावर इंडिकेटर दिला, निळा दिवा विझलेला. पेट्रोलचा काटा मात्र अर्ध्यावर अडकतो. टाकी रिकामी होत आली की फ्लोट काढून पाहायचा आहे.