मिठाच्या विहिरी

अकोट, वैशाख

चि. बाळू यास,


खाराघोड्याहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. कच्छच्या छोट्या रणातले अगरिये जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ पिकवतात, त्याचं तुला नवल वाटलं. वाटायलाच हवं. पण "आपल्याकडं असं काही नाही" हे वाक्य मनाला लागलं. अरे बाप्पा, तू त्याच पाण्यावर वाढलास!

आपलं पूर्णेचं खोरं बघ. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे नदीनं आणलेला खोल गाळ. त्या गाळातच मीठ मुरलेलं आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून शेकडो गावं या खारपाणपट्ट्यात येतात. दहीहांड्याच्या बाजूला पूर्वी लोक शंभरेक फूट खोल विहिरी खणत. रेवेचा थर लागला की खारं पाणी उसळून वर येई, ते उन्हात आटवायचं. खाणकामच की ते! इंग्रजांच्या मिठाच्या कायद्यानं हा धंदा बसला.

खारं पाणी मात्र होतंच, म्हणून तर एप्रिल १९३० मध्ये वऱ्हाडच्या लोकांना समुद्राची वाट धरावी लागली नाही. गांधीजींनी ६ तारखेला दांडीला मीठ उचललं आणि त्याच महिन्यात आपली माणसं मिठाचा कायदा मोडायला दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींवर जमली. 'रणदुंदुभी' लिहिणारे अमरावतीचे वीर वामनराव जोशी, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी त्यात पुढे होते. शाळेत तुम्हाला दांडी शिकवली, दहीहांडा नाही. याचं मला, एका मास्तराला, फार वाईट वाटतं.

कौतुक करतो म्हणून या पाण्यानं दिलेला त्रास विसरलो नाही. ताईला विचार. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, पाण्याच्या गुंडाच्या आत पांढरा थर धरायचा. गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी ती पहाटे कोसभर जायची. हे पाणी पिकाला दिलं तर जमीनच खराब होते, म्हणून विहीर भरलेली असूनही शेती पावसावरच. तरी त्या काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर हिवाळ्यात हरभरा येतो, तो खाऊन बघ म्हणजे कळेल. आता वान धरणाचं पाणी नळाला येतं. त्यामुळं जुन्या विहिरी कुणाला नकोशा झाल्या. कचरा टाकून बुजवतात.

मागच्या आठवड्यात एका विहिरीचं बादलीभर पाणी आणलं आणि ताईच्या परातीत गच्चीवर ठेवलं. चार दिवसांत तळाला करडा-पांढरा पापुद्रा धरला. जिभेवर ठेवला, खारट आणि मागून किंचित कडवट. पुडीत बांधून ठेवला आहे. दिवाळीला येशील तेव्हा खाराघोड्याच्या मिठाचा एक टपोरा खडा आण. दोन्ही शेजारी ठेवून बघू, मग तुला दहीहांड्याला नेतो.

तुझा,
मामा