ऑगस्टातला भोपळा आणि येळवशीची भज्जी

सिएटलमध्ये ऑगस्ट हा कोरडा, लख्ख उन्हाचा महिना. तरी महिना सरता सरता कॉफीच्या दुकानांत पंपकिन स्पाइस, म्हणजे भोपळ्याच्या पदार्थांत घालायचा मसाला, दरवळू लागतो. पाठोपाठ बिस्किटे, मेणबत्त्या, हात धुण्याचा साबण, अगदी कुत्र्यांचा खाऊही त्याच वासाचा येतो. याच शहरातल्या स्टारबक्सने २००३ साली व्हँकुव्हर आणि वॉशिंग्टन डीसीमधल्या सुमारे शंभर दुकानांत पंपकिन स्पाइस लाटे विकून पाहिले. २०२४ साली ते २२ ऑगस्टलाच दुकानांत आले. वास शरदाचा म्हणून विकतात, आणि शरद लागायला तेव्हा महिना असतो. माझे म्हणणे असे की, पदार्थाला ऋतू मिळतो तो रानातल्या पिकामुळे. पीक बाजूला काढले की नुसती तारीख उरते, आणि तारीख दुकानदाराला हवी तशी अलीकडे ओढता येते.

धाराशिवच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, त्याच्याकडे येळवस आहे. मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव-लातूरकडची गावे ओस पडतात आणि राने भरतात. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पाच पांडव मांडायचे, लक्ष्मी पुजायची आणि रानातच पंगत बसवायची. बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आणि भज्जी. भज्जीत ओला हरभरा, तुरीचे कोवळे दाणे, वाटाणा, पालेभाज्या असे त्या दिवसांत जे रानात हिरवे असते ते सगळे बेसनात शिजते. ही भज्जी ऑगस्टात करायची म्हटली तर तूर अजून फुलावरही आलेली नसते आणि हरभरा पेरलेलाच नसतो. म्हणून येळवस कुणाला अलीकडे ओढता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, मसाला तर इथला जुनाच आहे. खरे आहे. अमेलिया सिमन्सच्या १७९६ सालच्या पाकपुस्तकात भोपळ्याबरोबर जायफळ आणि सुंठ आहेतच. मॅकॉर्मिक या मसाल्यांच्या कंपनीने दालचिनी, सुंठ, जायफळ यांचे तयार मिश्रण १९३०च्या दशकात डब्यात भरले. आपल्या घारग्यांतही भोपळा आणि गुळाला जायफळ-वेलदोडा लागतोच. पण तिथे मसाला भोपळ्याच्या सोबतीला असतो. स्टारबक्सच्या पेयात २०१५ पर्यंत भोपळा नव्हताच, आणि गिऱ्हाइकाचे त्यावाचून बारा वर्षे काही अडले नाही. मेणबत्तीत तर तो असण्याचा प्रश्नच नाही. शहरात शेत नसलेल्या माणसाला निदान वासाने तरी ऋतू भेटतो, हा युक्तिवाद मला मोलाचा वाटतो. सदनिकेत राहणाऱ्याने ऋतूवाचून राहावे असे कोण म्हणेल? मात्र जो वास पानगळीच्या आधीच येऊन बसतो, तो ऋतूची चाहूल देत नाही. तो वाट पाहणेच काढून घेतो, आणि सणाची निम्मी गोडी वाट पाहण्यात असते.

दुसरा आक्षेप आपल्यावरच येतो. परदेशातली भज्जी गोठवलेल्या तुरीच्या दाण्यांची आणि शनिवार गाठून केलेली. मग तीही उसनीच नाही का? काही अंशी आहे. पण ती शनिवारावर जाते ती माणसे जमावीत म्हणून, आणि खाणाऱ्यांना रान कुठे राहिले ते ठाऊक असते. ती उणीव झाकायला तिथे कृत्रिम वास घातलेला नसतो. शिवाय परमुलखातल्या माणसाने एवढ्यावर थांबू नये. ज्या मातीवर राहतो तिचे पीकही ओळखावे. ऑक्टोबरात सिएटलच्या उत्तरेला स्नोहोमिशच्या शेतांवर भोपळे तयार असतात. कोरीवकामासाठीचा मोठा नारिंगी भोपळा पाणचट निघतो. घारग्यांसाठी लहान शुगर पाय किंवा घट्ट गराचा बटरनट घ्यावा, किसून गुळात शिजवावा आणि कणीक त्यातच मळावी, वरून पाणी न घालता.