रेषेचा चढ

रेल्वेच्या कंट्रोल कचेरीत सेक्शन कंट्रोलरच्या पुढ्यात जो लांबरुंद तक्ता पसरलेला असे (आता त्याची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली असली तरी रेषा त्याच आहेत), तो पाहून पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाला आपल्या विषयाचे पहिले प्रकरणच कोणीतरी सांगोपांग मांडून ठेवल्याचा भास झाल्यावाचून राहत नाही. आडव्या अक्षावर मिनिटांच्या चौकटींत विभागलेले तास, उभ्या अक्षावर स्थानकांची ओळीने लिहिलेली नावे, आणि या जाळ्यावरून तिरप्या धावणाऱ्या रेषा, ज्यांतील प्रत्येक रेषा म्हणजे एक गाडी. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस-लिआँ मार्गाचा असा तक्ता आपल्या ग्रंथात छापला आणि त्याचे श्रेय इब्री नावाच्या अभियंत्याला दिले. पक्ष्यांच्या पंखांची आणि घोड्यांच्या टापांची नोंद घेण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला आगगाडीचे वेळापत्रक आपल्याच विषयातले वाटावे, यात मला तरी काही विसंगत दिसत नाही.

आलेख शिकवताना माझी सर्वांत अधिक शक्ती खर्च होते ती एकाच गैरसमजुतीच्या निवारणात, आणि ती गैरसमजूत अशी की आलेख म्हणजे रस्त्याचे चित्र. मुंबई खाली आणि पुणे वर धरून गाडीचा स्थिती-काल आलेख काढा असे सांगितले, की पुष्कळ विद्यार्थी कर्जतपर्यंत रेषा जवळजवळ सपाट नेतात आणि भोर घाट येताच तिला एकदम उभी करतात. कारण त्यांच्या डोळ्यांपुढे डोंगर असतो. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट. कर्जतपर्यंतचे शंभर किलोमीटर गाडी वेगाने तोडते, म्हणून तिथे रेषा चांगली उभी असते. कर्जतला मागून रेटणारी बँकर इंजिने जोडण्यासाठी गाडी थांबते, तेवढी मिनिटे रेषा अगदी आडवी होते, कारण काळ पुढे सरकतो आणि स्थान सरकत नाही. आणि त्यानंतर लोणावळ्यापर्यंतच्या २८ किलोमीटरांत, जिथे लोहमार्ग काही ठिकाणी सदतीसास एक या प्रमाणात चढतो आणि एकंदर सुमारे अठराशे फुटांची उंची गाठतो, तिथे गाडीची चाल मंदावल्यामुळे रेषा आडवेपणाकडे कलते. घाटाचा चढ जितका तीव्र, तितका रेषेचा चढ सौम्य. बरे, उतरणाऱ्या गाडीची रेषा तरी घाटात सरळ खाली कोसळते म्हणावे, तर तेही नाही. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी ब्रेकची खातरजमा करण्यासाठी तिला थांबवतात, आणि पुण्याकडून येणारी रेषा त्या पट्ट्यात पायरीपायरीने, जपून उतरते. सह्याद्री कागदावर कोठेच नसतो. असतो तो केवळ त्याने गाडीच्या चालीवर बसवलेला कर.

चढणारी आणि उतरणारी अशा दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दोन गाड्या एकाच क्षणी एकाच ठिकाणी असतात. दुहेरी मार्गावर तो छेद कोठेही पडला तरी बिघडत नाही. एकेरी मार्गावर मात्र तो स्थानकाच्या आडव्या रेषेवरच पडला पाहिजे, कारण दोन स्थानकांच्या मधल्या छेदाचा अर्थ एकच. दोन अज्ञातांची दोन समीकरणे सोडवणे ही क्रिया ज्यांना शाळेत निष्फळ वाटली असेल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की कंट्रोलर दिवसभर तेच काम करतो, आणि त्याचे उत्तर स्थानकावर आले नाही तर एखादी मालगाडी लूप लाइनवर तहकूब ठेवून ते तो स्थानकावर आणतो.

आता या रेषेचा चढ मोजायचा कसा? कोनमापक लावून मोजू पाहणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, आणि त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता निर्दोष असतो. परंतु एक सेंटिमीटरला दहा मिनिटे आणि एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर असे प्रमाण घेतले, तर ताशी साठ किलोमीटरची रेषा ४५ अंशांचा कोन करते. तीच गाडी, तीच चाल, पण उभ्या अक्षावर सेंटिमीटरला पाचच किलोमीटर धरले की कोन सुमारे ६३ अंशांचा होतो. कोन हा कागदाचा गुण आहे, गाडीचा नव्हे. गाडीचा गुण हाती येतो तो उभ्या अक्षावरील फरकाला आडव्या अक्षावरील फरकाने भागल्यावर, आणि तोही दोन्हींची एकके जागेवर ठेवून. नुसता ‘वीस’ हा आकडा सायकलचाही असू शकतो आणि लोकलचाही, कारण ताशी वीस किलोमीटर आणि सेकंदाला वीस मीटर यांत ३.६ पटींचे अंतर आहे.

एककांच्या बाबतीत आपला मुलूख कधीच दरिद्री नव्हता. भास्कराचार्यांच्या लीलावतीत आठ यवांचे अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस आणि चार कोसांचे योजन अशी रीतसर परंपरा दिलेली आहे. अडचण एवढीच की हात कोणाचा धरायचा, याचा निवाडा गावोगावी निराळा होई. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीने ३३ फुटांची साखळी घेतली, तिचे सोळा आणे केले, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद, म्हणजे १०८९ चौरस फुटांच्या तुकड्याला गुंठा ठरवून चाळीस गुंठ्यांचा एकर बसवला. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले. पण गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा, म्हणजे आराच्या इतका निकट, की बोलण्यातून तो गेलाच नाही, आणि बांधावरच्या तंट्यांत आजही त्याचेच नाव निघते.

मीटरची कुळकथा याहून रंजक आहे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश तो मीटर, असे १७९१ साली फ्रान्सने ठरवले, आणि दलांब्र व मेशँ या दोघा ज्योतिर्विदांनी राज्यक्रांतीच्या धामधुमीत डंकर्कपासून बार्सेलोनापर्यंतची मोजणी केली. पुढे ही लांबी धातूच्या दांड्यावर, मग क्रिप्टॉनच्या प्रकाशलहरींवर, आणि १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावर सोपवण्यात आली: प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितका जातो, तितका मीटर. म्हणजे आमच्या तक्त्याचा उभा अक्ष, ज्यावर कर्जत आणि लोणावळा लिहिले आहे, तो अखेर आडव्या अक्षाच्याच पदरी बांधला गेला. अंतराचे माप काळाच्या मापातून निघू लागले.

त्या आडव्या अक्षाचा इतिहासही सरळ नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रासच्या वेधशाळेची वेळ पाळी, आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तरी मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागची ‘मुंबई टाइम’ काही व्यवहारांत १९५५ पर्यंत जपली. ज्याला हट्ट म्हणून हसावे, अशी ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मात्र फार उद्बोधक आहे. एकाच गाडीचा आलेख एकाने प्रमाणवेळेत आणि दुसऱ्याने मुंबई टाइममध्ये काढला, तर अख्खी रेषा ३९ मिनिटांनी बाजूला सरकेल. पण तिचा चढ रेसभरही बदलणार नाही, आणि सर्व रेषा एकसारख्या सरकल्यामुळे गाड्यांच्या भेटीही त्याच स्थानकांवर होतील. मैलाचे किलोमीटर केले, तर वेगाचा आकडा बदलेल, वेग नव्हे. आरंभबिंदू आणि एकक ही माणसाच्या मर्जीतली बाब. त्या मर्जीने जे ढळत नाही, तेच गाडीचे खरे.

आतापर्यंत मी रेषा सरळ धरल्या. परंतु स्थानकातून निघणारी गाडी एका क्षणात वेग घेत नाही, तिची रेषा आरंभी वक्र असते, आणि वक्र रेषेचा चढ बिंदुगणिक निराळा. मग ‘या क्षणीचा वेग’ म्हणजे काय? हा प्रश्न आपल्याकडे आगगाडीने नव्हे, चंद्राने उपस्थित केला. चंद्राची दैनंदिन गती सारखी नसते, म्हणून तिथीची समाप्ती अचूक काढायची तर दिवसभराची सरासरी चालत नाही, हे ओळखून भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मधील सिद्धांतशिरोमणीत तात्कालिकी गतीचा विचार केला. त्यांच्यापाशी आलेखाचा कागद नव्हता. पण वक्रावरील दोन बिंदू जोडणारी जीवा, ते बिंदू जवळ आणत गेल्यास, स्पर्शिकेला जाऊन मिळते, हे आज आम्ही फळ्यावर जे काढून दाखवतो, त्याची निकड त्यांना पंचांगातून जाणवली होती.

वेग-काल आलेखाची कथा युरोपातली. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील विद्वानांनी एकसमान वाढणाऱ्या वेगाचा नियम शब्दांत मांडला आणि फ्रान्समध्ये निकोल ओरेमने तो आकृतीने सिद्ध केला: रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे तोडलेले अंतर. विद्यार्थ्यांना क्षेत्रफळाचे अंतर कसे झाले हे गूढ वाटते. परंतु वेग कायम असता रेषेखाली बनणाऱ्या आयताची एक बाजू मीटर प्रति सेकंद आणि दुसरी सेकंद असल्यामुळे गुणाकारात सेकंद कटून मीटर उरतात, एवढे दाखवले की एककच साक्ष देते.

समजा, धीमी लोकल स्थानकातून सुटून ४० सेकंदांत ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, या वेगाला पोहोचली, ४० सेकंद तशीच धावली आणि २५ सेकंदांत थांबली. आलेखावर एक समलंब चौकोन उमटतो: पहिल्या त्रिकोणाचे ४०० मीटर, मधल्या आयताचे ८००, शेवटच्या त्रिकोणाचे २५०, एकूण १४५० मीटर, १०५ सेकंदांत. वेगमापकाचा काटा ७२ ला टेकला, तरी सरासरी ताशी पन्नासाच्या आतच राहिली, आणि फलाटावरचे २५ सेकंद धरले की ती चाळिसावर येते. मोटर अधिक शक्तीची बसवून कमाल वेग वाढवला, तरी इतक्या आखूड अंतरात चौकोनाचा माथा अरुंद होतो आणि फायदा थोडा पडतो; उलट गाडी झपाट्याने वेग घेऊ लागली आणि दारातली गर्दी दहा सेकंद आधी मोकळी झाली, तर तोच तक्ता ताशी एखाददुसरी गाडी अधिक सोसू शकतो.