कोपऱ्यावरचें दुकान

महाराष्ट्रांतील आडनांवांत एक वर्ग मोठा मौजेचा आहे. टकले, वाकडे, बोबडे हीं आडनांवें कोणीं आपण होऊन धारण केलीं असतील, असें संभवत नाहीं. कोण्या एका मूळपुरुषाच्या टकलाला किंवा बोबड्या बोलण्याला गांव हंसलें असावें, आणि तें हंसणें पुढें त्याच्या साऱ्या वंशाला चिकटलें असावें. परंतु आज लग्नपत्रिकेवर ‘बोबडे’ असें छापतांना कोणाचा हात अडखळत नाहीं. २०१९ सालीं तर एक बोबडे भारताचे सरन्यायाधीश झाले, आणि त्यांच्या आडनांवाच्या मूळ अर्थाची कोणीं वाच्यता केल्याचें आमच्या तरी कानीं आलें नाहीं. थट्टा केव्हां विरली आणि नांव केव्हां उरलें, हें त्या त्या कुळालाहि सांगतां येणार नाहीं.

मात्र ज्या पहिल्या मनुष्याच्या अंगावर हें नांव फेंकलें गेलें, त्यानें त्याचें काय केलें असेल, हा प्रश्न आम्हांस नेहमीं पडतो. नातवंडांना जें सहज वाटतें, तें आजोबांना सहज गेलें नसेल. या प्रश्नाचें उत्तर आमच्या बखरींत सांपडत नाहीं. आम्हांस तें थोडेंसें सांपडलें विलायतेंतील एका बँडच्या कारकीर्दींत.

बँड म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांपुढें वरातींतले लाल कोट आणि पितळी वाद्यें उभीं राहतील. हा बँड त्या जातीचा नव्हे. गिटार, ढोल आणि गळा एवढ्या भांडवलावर चारपांच तरुणांनीं एकत्र यावें, स्वतःचीं गाणीं रचावीं, आणि बड्या कंपन्यांचे उंबरठे न झिजवितां एखाद्या लहानशा स्वतंत्र कंपनीकडून त्यांच्या तबकड्या काढाव्या, असा एक पंथ इंग्लंडांत १९८० च्या सुमारास चांगलाच रुजला. ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें शेपूट छाटून त्याला ‘इंडी’ म्हणतात. या पंथांतल्या मंडळींना चमत्कारिक नांवांची हौस फार. आमच्या या बँडचें नांव मात्र अगदींच रुक्ष होतें: ‘कॉर्नरशॉप’, म्हणजे कोपऱ्यावरचें दुकान.

या रुक्ष नांवांत केवढें विष होतें, हें कळण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या कारखान्यांना हात कमी पडूं लागले, तेव्हां पंजाबांतून व गुजराथेंतून हजारों माणसें तिकडे गेलीं. पुढें पूर्व आफ्रिकेंतून उखडलेलीं कुटुंबें त्यांना येऊन मिळालीं. यांपैकीं अनेकांनीं गल्लीच्या तोंडाशीं असलेलीं, दूध, पाव आणि वर्तमानपत्रें विकणारीं लहान दुकानें चालवावयास घेतलीं. वर बिऱ्हाड, खालीं दुकान. आणि पहांटेपासून रात्रीपर्यंत सारें घर मालाच्या फळ्यांमध्यें उभें. शेजारचा इंग्रज अवेळीं दुधाची बाटली तेथूनच नेई, आणि त्याच दुकानाच्या नांवानें दुकानदाराच्या पोराला शाळेंत चिडविणारांत कदाचित् त्याचाहि मुलगा असे. होतां होतां ‘कोपऱ्यावरचें दुकान’ हें एका धंद्याचें नांव न राहतां साऱ्या हिंदी-पाकिस्तानी वस्तीचें टोपणनांव झालें.

बँडचा मुख्य गायक तजिंदर सिंग हा वुल्व्हरहॅम्प्टनचा. याच गांवच्या एका मतदारसंघाचे प्रतिनिधि इनॉक पॉवेल यांनीं १९६८ च्या एप्रिलांत बर्मिंगहॅम येथें परदेशांतून येणाऱ्या लोकांविरुद्ध जें भाषण केलें, तें इंग्लंडच्या राजकारणांत अजून विसरलें गेलेलें नाहीं. बँड स्थापन झाला १९९१ सालीं लेस्टर येथें. आणि लेस्टर म्हणजे तें शहर, ज्याच्या नगरपालिकेनें १९७२ सालीं, इदी अमीन युगांडांतून आशियाई लोकांना हुसकावीत असतां, तेथल्या वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन त्यांना बजावलें होतें कीं, आमच्याकडे येऊं नका. लोक यावयाचे ते आलेच. पुढें त्याच लेस्टरची दिवाळी साऱ्या इंग्लंडांत नांवाजली गेली. अशा शहरांत तजिंदर, त्याचा भाऊ अवतार, प्रेस्टन येथें शिकत असतां जोडलेला मित्र बेन आयर्स आणि ढोल वाजविणारा डेव्हिड चेंबर्स, असे दोन शीख भाऊ व दोन गोरे मित्र एकत्र आले, आणि आपल्या कंपूला नांव देण्याची वेळ आली तेव्हां त्यांनीं अंगावर फेंकलेला दगडच उचलून दारावर बसविला.

आरंभीं त्यांचें वादन कच्चें होतें, आणि राग पक्का होता. हिंदी माणसाच्या घराला रश्श्याचा वास येतो, हा तिकडचा जुना टोमणा. यांनीं १९९३ सालीं आपली पहिली तबकडीच रश्श्याच्या रंगाची काढली. मॉरिसी नांवाच्या प्रख्यात गायकानें १९९२ सालीं लंडनच्या एका जलशांत राष्ट्रध्वज अंगाभोंवतीं घेतला, त्यावरून वर्णद्वेषाचा मोठा वाद माजला. तेव्हां या मंडळींनीं त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या कचेरीपुढें त्याचें चित्र जाळलें. चित्रें जाळणें आमच्या प्रकृतीला मानवत नाहीं. पण १९९४ सालीं निघालेल्या त्यांच्या पहिल्या गीतसंग्रहाचें ‘होल्ड ऑन इट हर्ट्स’ हें नांव पाहिलें, म्हणजे त्या जाळण्यामागचें मन कळतें. ‘जरा थांबा, दुखतें आहे’ असा त्याचा साधा अर्थ.

येथें आम्हांस आमच्या वर्गाची आठवण होते. आम्ही गेलीं तीस वर्षें इंग्रजी शिकवीत आलों आहों. दरवर्षीं पहिल्या वर्गांत खेड्यांतून येणारीं चारदोन मुलें असतात, आणि त्यांच्या इंग्रजी उच्चारांना हंसणारीं शहरांतलीं दहापांच. कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलाला सारे ‘एस्टी’ म्हणत; कारण तो रोज चाळीस किलोमीटरांवरून लाल गाडीनें येई, आणि पहिल्या तासाला त्याला हटकून उशीर होई. दुसऱ्या वर्षीं त्यानें व त्याच गाडीनें येणाऱ्या आणखी तिघांनीं मिळून ‘एस्टी’ नांवाचें भित्तिपत्रक सुरू केलें. सहा महिन्यांत शहरांतलीं मुलें आपली कविता त्यांत लागावी म्हणून त्यांच्या मागें फिरूं लागलीं. पण एवढेंच सांगून थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्याच्या आदल्याच वर्षीं दुसऱ्या एका मुलाला असेंच एक नांव पडलें होतें. तो एकटा होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आलाच नाहीं. निंदेचें नांव उलटून त्याची पताका करावी, हा उपदेश व्यासपीठावरून फार सोपा. पण पताका उभारण्यास एकाहून अधिक हात लागतात. लेस्टरच्या त्या चौघांना ते मिळाले. ज्यांना मिळत नाहींत, त्यांच्या घरच्या आडनांवांची आपल्याला कधीं वार्ताहि लागत नाहीं.

रागाच्या बळावर मनुष्य एकदोन गाणीं रचूं शकेल. कारकीर्द करूं शकत नाहीं. कॉर्नरशॉपच्या मंडळींना हें लवकर उमगलें. १९९५ च्या संग्रहांत पंजाबी बोल आले, ठेका निवांत झाला, आणि अमेरिकेंत त्यांच्या तबकड्या डेव्हिड बर्न या नामांकित संगीतकाराच्या संस्थेनें काढल्या. १९९७ च्या संग्रहांत त्यांनीं एक नामी खोडी केली. बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’ या १९६५ च्या गाण्यांत जॉर्ज हॅरिसननें सतार वाजविली होती, आणि विलायतेनें हिंदुस्थानाकडून उसनें घेतलेल्या सुरांचा तो नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. बत्तीस वर्षांनीं तजिंदरनें तें गाणें शब्दशः पंजाबींत म्हटलें. उसनें नेलेलें भांडें घरीं परत आलें, आणि येतांना त्यांत शेजारच्या घरचा पदार्थहि आला.

त्याच संग्रहांत तें गाणें आहे, ज्यामुळें या बँडचा संबंध थेट आमच्या सांगलीशीं जडला. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हें त्याचें नांव. यांतील आशा म्हणजे आशा भोसले: मास्टर दीनानाथांच्या कन्या, आणि १९४३ सालीं ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटांत पहिलें गाणें म्हणणाऱ्या. गाण्यांत लताबाईंचें आणि रफींचें नांव आहे, पंचेचाळीस फेऱ्यांच्या लहान तबकडीची थोरवी आहे, आणि सरकार बांधीत असलेल्या धरणांचाहि उल्लेख आहे. आमच्या लहानपणीं मध्यमवर्गीय घरांत सिनेमाच्या गाण्याचें स्थान मोठें विचित्र होतें. रेडिओवर तें दिवसभर चाले. परंतु पाहुण्यांपुढें ‘गाणें’ हा शब्द निघाला, तर त्याचा अर्थ ख्याल किंवा नाट्यपद. आशाबाईंचा सूर स्वयंपाकघरांत आणि माजघरांत मुक्त संचार करी. दिवाणखान्यांतल्या चर्चेंत मात्र त्याला पाट मिळत नसे.

पार्श्वगायन हा धंदाच मुळीं पडद्यामागचा. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटांतील ज्या गाण्यानें लताबाई देशभर गाजल्या, त्याच्या मूळ तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असें छापलें होतें, आणि कामिनी हें तर पडद्यावरच्या पात्राचें नांव! गळा एकीचा, ओठ दुसरीचे, आणि नांव जी मुळीं अस्तित्वांतच नाहीं तिचें. हें लक्षांत घेतलें, म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनच्या त्या मुलानें काय केलें तें नीट कळतें. त्यानें पडद्यामागच्या बाईचें नांव पडद्यापुढें आणून मोठ्यानें घेतलें. आमच्याकडे नांव घेणें हा एक मानाचा विधि आहे. लग्नकार्यांत त्याला सारे कान देतात. ज्याला स्वतःला टोपणनांवावांचून कोणी हांक मारीत नव्हतें, त्यालाच दुसऱ्याचें नांव असें प्रेमानें घ्यावेंसें वाटावें, यांत नवल काय? मराठी कानाला त्यांत आणखी एक अर्थ आपोआप ऐकूं येतो: आशेनें कांठोकांठ भरलेलें.

हें गाणें १९९७ च्या ऑगस्टांत निघालें, तेव्हां इंग्लंडांतील खपाच्या यादींत त्याला साठावा क्रमांक मिळाला. वर्षाच्या शेवटीं जॉन पील यांच्या रेडिओ-कार्यक्रमाच्या चोखंदळ श्रोत्यांनीं मात्र त्याला वर्षांतील पहिलें गाणें ठरविलें. पुढें नॉर्मन कुक या कारागिरानें त्याच गाण्याची गति वाढविली, ठेका ठसठशीत केला, आणि १९९८ च्या फेब्रुवारींत तें नवें रूप खपाच्या यादींत थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. तेथें तें एक आठवडा राहिलें. आम्हीं दोन्ही रूपें ऐकलीं आहेत. मूळ गाणें फावल्या वेळीं गप्पा माराव्या तसें चालतें. दुसरें धांवत्या गाडीच्या खिडकींतून ओरडून सांगावें तसें. आम्हांला पहिलें आवडतें. परंतु दुसऱ्यावांचून पहिलें किती लोकांच्या कानीं पडलें असतें, हाहि प्रश्न आहेच.

या विजयानंतर बाजाराची अपेक्षा उघड होती: असेंच आणखी एक द्या. त्यांनीं तें दिलें नाहीं. सिंग व आयर्स यांनीं १९९९ सालीं निराळ्याच नांवानें नाचाच्या ठेक्यांचा एक संग्रह काढला. कॉर्नरशॉपचा पुढचा संग्रह आला तो २००२ सालीं. त्यानंतरचा सात वर्षांनीं, २००९ सालीं, आणि तोहि स्वतःच काढलेल्या छोट्या कंपनीकडून. २०११ सालीं एका गायिकेला पुढें करून त्यांनीं पंजाबी गीतांचा सबंध संग्रह सादर केला. बाकीचे साथीदार बदलत गेले. हे दोघे राहिले. पहिल्या क्रमांकावर त्यांचें गाणें पुन्हां गेलें नाहीं. कोणी याला ऱ्हास म्हणेल. आम्हांस तें दुकानदारीचें खरें शील वाटतें. जत्रेच्या आठवड्यांत साऱ्या गांवाची झुंबड दुकानापुढें लोटते. जत्रा उठते, आणि वाणी दुसऱ्या दिवशीं पहांटे त्याच वेळीं फळी उघडतो. नांव गाजणें ही जत्रेची गोष्ट आहे. नांव राखणें ही रोजच्या फळीची.

२०२० सालीं निघालेल्या त्यांच्या संग्रहाचें नांव ‘इंग्लंड इज अ गार्डन’, म्हणजे इंग्लंड ही एक बाग आहे. पॉवेल यांच्या गांवांत लहानाचा मोठा झालेला शीख मनुष्य हें वाक्य उच्चारतो, तेव्हां त्यांत उपहास किती आणि माया किती, हें तराजूनें तोलून सांगतां येणार नाहीं. पण बागेंतल्या रोपांपैकीं आपण एक आहों, हें तो गृहीत धरून बोलतो, एवढें स्पष्ट आहे.

तथापि आमच्या मनांत घर करून राहिलें आहे तें त्यांचें २०१५ चें एक लहानसें काम. १९९४ चा तो पहिला, रागानें भरलेला संग्रह त्यांनीं पुन्हां हातीं घेतला, आणि त्यांतल्या चाली मोठ्या वाद्यवृंदाकडून, गायनाशिवाय, सुखासमाधानानें वाजवून घेतल्या. ‘होल्ड ऑन इट हर्ट्स’ या जुन्या नांवाचा शेवट तेवढा त्यांनीं बदलला. नवें नांव झालें ‘होल्ड ऑन इट्स ईझी’. ‘थांबा, दुखतें आहे’ याचें ‘थांबा, सोपें आहे’ व्हावयास एकवीस वर्षें लागलीं. टकल्यांच्या आणि बोबड्यांच्या त्या मूळपुरुषांनाहि बहुधा साधारण इतकींच लागलीं असतील.