टोकाचा बोल्ट

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळकांड्याचे, बोल्ट मोडतात ते बहुधा टोकाचे. जळकोटच्या एका गॅरेजात आमच्या जुन्या डिझेल जीपचं बॉनेट उघडून मिस्त्रींनी मला ते दाखवलं. मधले सगळे जागेवर होते. पहिला आणि शेवटचा मात्र मोडून इंजिनाच्या हेडमध्येच अडकलेले, आणि भोवती काजळीचा पट्टा. सकाळी गाडी गार असताना टिकटिक वाजायची आणि घाट चढेपर्यंत बंद व्हायची, त्याचा उलगडा तिथे झाला. तापलेलं लोखंड फुगतं आणि फट स्वतःच मिटवून घेतं. दुखणं मात्र आत तसंच राहतं.

अर्धा मीटर लांबीचं बिडाचं मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापलं, की जवळपास पावणेतीन मिलिमीटर वाढतं. शेजारचं हेड पाण्यामुळे त्या मानाने थंड, ते तेवढं वाढत नाही. या दोघांची ओढाताण बोल्टांनी सोसायची. मधल्याला फारसं हलावंच लागत नाही, सगळी सरक दोन्ही टोकांना जाते. तापणं, निवणं, पुन्हा तापणं. त्यात बालाघाटाचे चढ, आणि पावसाळ्यात ओढ्याचं पाणी थेट तापल्या बिडावर.

मिस्त्रींकडून हे ऐकताना मला आमचा भागच आठवला. हैदराबाद राज्यात असताना उदगीरचा हा पट्टा बिदर जिल्ह्यात होता. १९५६ साली तो उस्मानाबादला जोडला, १९८२ साली लातूर जिल्हा निघाला, १९९९ साली जळकोट तालुका झालं. कचेरीजवळच्या माणसाला नकाशा बदलल्याचं कागदावर कळतं. टोकाच्या गावातल्या माणसाला सातबाऱ्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी दर वेळी नवी वाट तुडवावी लागते. जळकोटच्या पलीकडे नांदेड जिल्हा सुरू होतो, इथली सोयरीक दोन्हीकडची. ही ओढ मी घरात पाहिली आहे, म्हणून मोडलेल्या बोल्टाला कच्चा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मोडलेला बोल्ट काढणं ही मात्र निव्वळ हाताची विद्या. पहिल्याचं टोक थोडं बाहेर होतं. मिस्त्रींनी रात्रभर त्यावर गंज सोडवायचं तेल मुरू दिलं, सकाळी त्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारलं. वेल्डिंगच्या धगीनेच गंजाची पकड सुटते. मग पाना लावून थोडं उलटं, थोडं सुलटं, पुन्हा तेल. घाईने एकाच दिशेला ओढलं तर तो पुन्हा तिथेच मोडायचा.

दुसरा खोल मोडला होता. ईझी आउट, म्हणजे मोडका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार, वापरा ना, असं मी म्हटलं.

‘‘नको सर. ते आत मोडलं तर त्याच्यात ड्रिलसुद्धा शिरत नाही. मग हेडच उतरवावं लागतं.’’

त्यांनी बरोबर मध्य शोधून पंच मारला, बारीक ड्रिल घातलं, मग त्याहून जाड. ड्रिल केसभर जरी कलंडलं असतं तरी हेडचे आटे गेले असते. शेवटी बोल्टाची नुसती साल उरली, ती त्यांनी टोच्याने वेटोळं काढावं तशी सोलून काढली आणि आट्यांतून हलकेच टॅप फिरवला. नवा बोल्ट पेठेत मिळतो, हेडचे मूळ आटे कुठेच मिळत नाहीत. त्यांची सगळी सावधगिरी त्या भोकासाठी होती. अशा कामाची मजुरी तासावर मोजणं मला पटत नाही.

मॅनिफोल्ड बसवण्याआधी त्यांनी त्याची टोकाची दोन्ही भोकं गोल कानशीने जराशी मोठी केली. ‘‘ह्याला सरकायला जागा पाहिजे,’’ एवढंच बोलले. नवं पॅकिंग, नवे स्टड, त्यांवर तांब्याचं ग्रीस आणि पितळी नट, म्हणजे पुढच्या वेळी उघडणाऱ्याचे हाल होऊ नयेत. आधी मधले आवळले, मग एक डावा एक उजवा करत टोकाकडे गेले. इंजिन तापेपर्यंत चालवलं, पूर्ण निवू दिलं, आणि त्याच क्रमाने पाना पुन्हा एकदा फिरवला.