सात घरांचे अंगण

इमारती पाहत हिंडायचे तर बोरीबंदरास, अशी आपली समजूत. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतले ते घुमट नि मनोरे भव्य खरेच! पण आम्हां नवी मुंबईकरांनी एकदा बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेजही पायी हिंडावे. चार्ल्स कोरिया यांनी ते १९८३ ते १९८६ या काळात उभारले. सात घरांमध्ये एक अंगण. अशा तीन अंगणांचा मिळून एकवीस घरांचा मोठा चौक. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत नाही; संसार वाढला की घर वाढवावे!

आमच्या वाटाड्याने उतरत्या छपराची जुनी घरे शोधून शोधून दाखवली. पुष्कळांच्या जागी आता मजले चढले आहेत. मोडली म्हणून हळहळावे, की वाढली म्हणून हसावे? मला विचाराल, तर घरे खुशाल वाढोत. पोरांना खेळायला अंगण तेवढे राहो.